ल्युकोट्रिन गनिमाची कुईच्या कंठनाळेवर स्वारी

प्रातःकाळी स्वयंपाकघरात सर्वत्र शांतता, चूल थंड, लेकरू निजलेले, आणि मग चुलीमागोन ध्वनी उठला: "कुई." या ध्वनीवरोनच आयाकुचो प्रांती गिनीपिग नामे गुबगुबीत प्राण्यास कुई म्हणताती. रयत त्यास खरपूस भाजोन बटाट्यांसंगे सेविते, आणि विद्वान त्याची कंठनाळ परीक्षेस घेताती, कारण दम्याचे कामी ती मनुष्याच्या कंठनाळेइतकीच हट्टी. ध्वनी करणारा स्वतःस कोणत्या दौलतीचा, चुलीच्या की विद्येच्या, चाकर समजत होता, ते कळावयास मार्ग नाही. धरणीमाता पाचामामेस आणि श्वास घेणाऱ्या समस्त जनांस नमन करोन पुढील हकीकत लिहिली असे.

ल्युकोट्रिन नामे गनीम देहातच जन्मला, देहाचेच मीठ खाल्ले, आणि देहावरच उलटला. धूळ, धूर, थंडी ऐसे निमित्त मिळताच तो श्वासाच्या घाटात उतरे, आणि तेथील दरवाजांत शिरोन घाट ऐसा आवळी की मनुष्याच्या छातीतोन शिट्टी वाजे. त्याच दरवाजांत आधी जाऊन, पाय पसरोन, गनिमाची वाट अडवोन बसेल ऐसे औषध विश्वविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सिद्ध जाहले. करविते दोघे: सरलष्कर, विद्यावाचस्पती, चष्मा कपाळी ठेवोन चष्माच शोधणारे डॉन एफ्राईन, आणि नेलिदाबाई चोकेहुआंका, इल्लारी नामे चिमुकल्या कन्येची माता.

वरोन हुकूम सुटला की आज औषध लढले तर दालन राहील, न लढले तर दालन बटाटे-खात्यास जाईल आणि नेलिदाबाईंनी लिमा शहरी चाकरी पहावी. लिमा डोंगर उतरोन समुद्राकाठी. कन्या आजीपाशी ठेवावी लागणार. बाईंनी त्या सकाळी कन्येची घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा घातली.

आता प्रयोगशाळेचे कुई मागील उत्सवात कोणाच्या पोटी गेले याची चौकशी नेमिली होती, परंतु चौकशी करणारेही जेवले होते, सबब ती तहकूब राहिली. म्हणोन बाईंनी आपल्या चुलीमागील एक कुई टोपलीत घातला आणि कूच केले.

रणभूमी म्हणजे काचेची नळी, तींत कोमट खारे पाणी, पाण्यात बुडबुडे, आणि मध्ये कुईच्या कंठनाळेची कडी दोऱ्यास टांगलेली. दोऱ्याचे दुसरे टोक लेखणीस. कडी आवळली की लेखणी चढे. प्रथम गनीम एकटा सोडिला, आणि लेखणी कड्यावर चढणाऱ्या लामा नामे पशूसारखी चढत गेली. मग कडी धुवोन शांत केली. बटाटे-खात्याचे सरदार डॉन कासिमिरो मापाची फीत घेऊन टेबलाची लांबी घेतच होते.

"पोती या भिंतीला लावू," ते म्हणाले. "ऊन बरं येतं."

"आधी मढं तर पडू द्या, काका," नेलिदाबाई म्हणाल्या.

मग सरलष्करांनी औषधाची एकुलती कुपी उचलिली. प्रसंग मोठा. आणि या प्रांती चिचेचा, म्हणजे मक्याच्या मद्याचा, पहिला घोट धरणीस दिल्यावाचून कोणी ओठास लावीत नाही. डॉन एफ्राईन गंभीर स्वरे बोलिले, "पाचामामा, आधी तू," आणि कुपी फरशीवर उपडी केली.



"डॉन एफ्राईन," नेलिदाबाई हळूच म्हणाल्या, "ती चिचा नव्हती."

"सवय गं, बाई! जन्माची सवय!"

फडके घेऊन उभ्या असलेल्या डोन्या एउदोसिया, दालनाच्या झाडलोटीच्या मुखत्यार, फरशीकडे पाहोन म्हणाल्या, "चला, आता धरणीला दमा व्हायचा नाही."

कासिमिरो सरदारांनी फीत गुंडाळोन पोती आणावयाचा निरोप धाडिला. सरलष्कर खुर्चीत कोसळले. आणि नेलिदाबाईंस घरची रीत आठवली: लेकराच्या खोकल्याचे औषध संपले तरी आई बाटली फेकत नाही, पाणी घालोन विसळते आणि आणखी एक चमचा काढते. बाईंनी नळीतीलच खारे पाणी कुपीत घेतले, हलविले, झाकणही विसळिले, आणि ते धुवण कडीवर सोडिले. मग त्यास दरवाजांत बसावयास अवधी दिला. मग गनीम सोडिला.

लेखणी चढली. सरलष्करांनी डोळे मिटले.

"कासिमिरो काका, टेबलावर टेकलेलं पोट काढा, दोरा ताणतोय!"

पोट निघाले आणि लेखणी खाली येऊन आडवी पडली, ती हलेना. गनीम दरवाजे ठोठावीत फिरला, आणि प्रत्येक दारात कोणी ना कोणी बसलेले.

"मेली असेल कडी," सरदार म्हणाले.

तेव्हा बाईंनी हिस्टामिन नामे दुसरा फितूर सोडिला, ज्याचे दरवाजे निराळे. लेखणी ताडकन उभी राहिली.

"जिवंत आहे, काका. पोती परत न्या."

येणेप्रमाणे आयाकुचो मुक्कामी ल्युकोट्रिन गनीम नामोहरम जाहला, दालन राहिले, बटाटे माघारी गेले, आणि धुवणाने मिळविलेली ही फत्ते नवी कुपी करोन पुन्हा तपासावी ऐशा शर्तीनिशी दप्तरी दाखल जाहली. डॉन एफ्राईन यांजकरिता हुकूम निघाला की यापुढे त्यांनी कुपीस हात लावू नये.

सायंकाळी नेलिदाबाई स्वगृही पातल्या आणि कन्येस मांडीवर घेऊन सर्व वर्तमान सांगितले: गनीम कैसा आला, औषध कैसे दारात जाऊन बसले, दिवसभर कैसे हलले नाही. इल्लारीने बाईंचे बोट धरोन ऐकिले, आणि मग विचारिले:

"आणि तो दारात बसलेला, त्याला न्यायला त्याची आई कधी येते?"