कडी आतून लागली पाहिजे

अपघातात आत्याचे पाय कायमचे गेले आणि ती चाकाच्या खुर्चीवर आली, तेव्हा घरातल्या बाथरूमचं दार त्या खुर्चीपेक्षा अरुंद असल्याची बाब कुटुंबाच्या निदर्शनास आली. तात्पुरती व्यवस्था म्हणून भाच्याने तिला उचलून आत न्यावं, भाचेसुनेने आत थांबावं आणि दार नुसतं लोटून घ्यावं, असं ठरलं. ही तात्पुरती व्यवस्था दोन वर्षं उत्तम चालली. उत्तम म्हणजे भाच्याची कंबर धरली, भाचेसुनेला छतावरचा प्रत्येक डाग पाठ झाला आणि आत्याने पाणी पिणं निम्म्यावर आणलं.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. उभ्या आयुष्यात तिने भल्याभल्यांना 'कृपया थांबा' म्हणून सांगितलं होतं आणि ते निमूट थांबले होते. आता ती स्वतःच्या पोटाला तेच सांगायची, आणि पोट काही तिचं ऐकत नव्हतं.

शेवटी कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर नवं घर बांधायचं ठरलं. दादांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, तिला जवळ बसून विचारलं, "तुला काय काय हवं ते सांग. संकोच करू नकोस."

"एकच हवंय," आत्या म्हणाली. "खुर्ची आत जाईल असं बाथरूम. आणि दाराला आतून कडी. ती माझ्या हाताने लागली पाहिजे."

"एवढंच?" दादांना गहिवरून आलं. "अगं, ते तर होणारच."

होणारच म्हटल्यावर त्या विषयावर पुढे कोणी बोललं नाही.

या घराची एक रीत होती. मोठा निर्णय बैठकीत व्हायचा, बैठक वरच्या मजल्यावर व्हायची आणि एकमत झाल्याशिवाय कोणी खाली उतरायचं नाही. पूर्वी ही बैठक आत्याच चालवायची. पण आता तिला जिना चढवून न्यायचं म्हणजे तिला त्रास, आणि तिच्या गैरसोयींची चर्चा तिच्यासमोर करायची म्हणजे तिला वाईट वाटणार. तेव्हा तिला या दोन्ही त्रासांतून मुक्त करून बैठका वर सुरू झाल्या. आत्या खाली बसून डोक्यावर सरकणाऱ्या खुर्च्यांचे आवाज ऐकायची. खुर्च्या एकदम सरकल्या की निर्णय झाला, एवढं तिला कळायचं. कसला निर्णय, ते भाचेसून खाली येऊन सांगायची.

आर्किटेक्ट तरुण होता आणि कळकळीचा होता. खुर्चीवरच्या माणसाचं जगणं कळल्याशिवाय आपण पेन्सिलीला हात लावणार नाही, असं त्याने जाहीर केलं आणि अनुभवासाठी आत्याचीच खुर्ची एक दुपारभर मागून घेतली. तेवढा वेळ आत्या पलंगावर पडून राहिली. तो अंगणात फिरला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला आणि डोळे पुसत म्हणाला, "मला सगळं कळलं." त्या दिवसापासून खुर्चीवरच्या माणसाला काय हवं, हे त्याला विचारलं जाऊ लागलं. त्याचे हात भलते लांब होते. त्यामुळे नव्या घरातले सगळे खण, बटणं आणि नळ त्याच्या हाताला अगदी सहज येतील अशा उंचीवर बसले.

पुढच्या बैठकीनंतर भाचेसून जरा हळूच जिना उतरली.

"आत्या, बाथरूमचं दार रद्द झालं."

"रद्द म्हणजे?"

"आत उघडलं तर खुर्चीला लागतं. बाहेर उघडलं तर येण्याजाण्याची वाट अडते. सरकतं केलं तर खाली पट्टी येते, आणि पट्टी म्हणजे उंबराच की. आर्किटेक्ट म्हणाले, दार हाच मुळात अडथळा आहे."

"अगं, वरून टांगलेलं सरकतं दार असतं. त्याला खाली काही लागत नाही."

"मी सांगितलं ना तसं. सूचना चांगली आहे म्हणाले. पण तोवर एकमत झालं होतं."

"आणि कडी?"

भाचेसुनेने क्षणभर विचार केला. "दारच नाही म्हटल्यावर कडीचा प्रश्नच मिटला, आत्या."

अर्थात, कुटुंब सुसंस्कृत होतं. आत्याच्या खाजगीपणाचा विचार झालाच. बाथरूमच्या कमानीवर एक यंत्र बसवायचं ठरलं. आत्या आत गेली की ते गोड आवाजात सांगणार होतं, "आत्या आत आहेत. कृपया थांबा." घरात नसलेल्यांच्याही जिवाला घोर नको म्हणून हीच सूचना सगळ्यांच्या मोबाईलवर जायची सोय झाली. परगावच्या चुलतभावांनी आपणहून नंबर कळवले.

मग रॅम्प आला. रॅम्पचा उतार सौम्य हवा आणि सौम्य हवा तर रॅम्प लांब हवा, हे कोणीही मान्य करील. आर्किटेक्ट मुळातच सौम्य प्रकृतीचा. त्याचा रॅम्प फाटकापासून निघाला, घराला वळसा घालून आला, तरी पुरेना. तेव्हा तो घरात शिरला. आधी त्याने अडगळीची खोली घेतली, मग आत्याची. रॅम्प कोणासाठी? आत्यासाठी. खोली कोणाची? आत्याची. म्हणजे व्यवहार घरातल्या घरात झाला, कोणाचंच काही गेलं नाही. आत्याचा पलंग हॉलमध्ये आला, बाथरूमच्या उघड्या कमानीच्या बरोबर समोर. आराखड्यावर त्या जागेला 'कुटुंबाचं केंद्रस्थान' असं नाव होतं.

आत्याने भाच्याला बोलावून घेतलं. तिचा आवाज चढला होता.

"अरे, मी एक कडी मागितली होती."

"आत्या, आख्खं घर तुझ्यासाठी बांधतोय आणि तू कडीचं काय घेऊन बसलीस? कडी लावलीस आणि आत काही झालं म्हणजे?"

"आणि कडी नसल्यामुळे रोज जे होतंय त्याचं काय?"

"रोज काय होतंय? आम्ही असतो की."

"तेच होतंय," आत्या म्हणाली.

भाचा दुखावला. आपण किती करतो, हे तिला दिसत नाही, असं त्याला मनापासून वाटलं. आत्यालाही वाटलं, की आपण कृतघ्न आहोत. तिला आधी लाज वाटली आणि मग, आपल्याला लाज का वाटावी, म्हणून भयंकर राग आला.

घराला 'अडथळामुक्त निवास' या गटात पहिलं बक्षीस मिळालं. दारं काढून टाकण्याच्या धाडसाचा परीक्षकांनी खास उल्लेख केला. फोटो काढायचे होते तेव्हा आत्याची गंजकी खुर्ची भिंतींच्या रंगाशी जाईना, म्हणून आर्किटेक्टने एक नवी कोरी खुर्ची भाड्याने आणली आणि हॉलच्या मधोमध रिकामी ठेवली. फोटो फार सुंदर आले.

उद्घाटनाला तोबा गर्दी झाली. पाहुणे चहा घेत होते आणि आत्यालाही तो आग्रहाने पाजत होते. नको म्हणणं बरं दिसलं नाही. तासाभरात चहाने आपलं काम सुरू केलं. ती बाथरूमकडे वळली तर कमानीत माणसं दाटली होती आणि आत उभा राहून आर्किटेक्ट व्याख्यान देत होता. यंत्र बापडं गोंधळून सगळ्यांनाच आत्या समजत होतं आणि एकसारखं "कृपया थांबा" म्हणत होतं.

तिने भाच्याची बाही ओढली. "मला जायचंय."

"कुठे?"

"आत."

"पाचच मिनिटं, आत्या. प्रमुख पाहुणे आत आहेत. प्रश्नोत्तरं चाललीत."

आत्याने खुर्ची फिरवली आणि रॅम्पला लावली. रॅम्प खरोखरच छान होता, हे मान्य केलं पाहिजे. ती आपल्या गेलेल्या खोलीतून गेली, घराला वळसा घालून गेली, आणि हे प्रात्यक्षिकच आहे असं समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्या फाटकातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, तरी टाळ्या चालूच होत्या. ती वळून परत येणार, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

तिला फक्त एक बाथरूम हवं होतं. पहिल्या घराला जिना होता, दुसऱ्याला ओटा. तिसऱ्या घराच्या फाटकासमोर मोटारसायकली लावल्या होत्या. आत्या दोन्ही हातांनी चाकं रेटत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग ती तुमच्या दारात आली.

तुम्ही दार उघडलंत आणि आधी तिच्या डोक्यावरून मागे पाहिलंत, बरोबर कोण आहे ते. कोणीच नव्हतं. मग नाइलाजाने तुम्ही तिच्याकडे पाहिलंत.

"तुमच्या बाथरूमला आतून कडी आहे का?" तिने विचारलं.

"आहे ना," तुम्ही म्हणालात. माणूस म्हणून तुम्ही चांगलेच आहात. "दारात तेवढी एक पायरी आहे. पण एकच आहे, आम्ही उचलून घेऊ की तुम्हाला."

तिने घाई आहे म्हणून सांगितलं. तुम्ही लगेच माणसं गोळा करायला निघालात आणि जाता जाता तिला म्हणालात, "बसा हं."