सबनीसकाकांचं न्हाणीघर

सबनीसकाका आमच्या अमेरिकेतल्या, नेपरव्हिलच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा सोफ्यावर बसलेच नाहीत. हातातला पेढ्यांचा बॉक्स मला देत म्हणाले, "घर छान आहे. पण खाली काय आहे?"

"बेसमेंट," मी म्हटलं.

"आणि त्याच्या खाली?"

काका स्वतःच जिना उतरले, फरशीवर टाच दोनदा आपटून कान देऊन ऐकलं आणि वर येऊन चहा मागितला.

ही २००३ची गोष्ट. काका म्हणजे शेजारच्या निखिलचे वडील, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. तरुणपणी नोकरीनिमित्त ते इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात होते. तिथं दुकानांसाठी पाया खणताना, काकांच्याच देखरेखीखाली, रोमन काळातलं न्हाणीघर सापडलं. फरशीखाली विटांचे गुडघ्याएवढे खांब, आणि त्यांच्यामधून गरम हवा खेळवायची सोय. "सेंट्रल हीटिंग गं! त्या काळी!" असं म्हणत काका हिवाळ्यात आमच्या हीटिंगच्या जाळीवर तळवे धरून उभे राहायचे, जणू ती त्यांनीच बसवली होती.

त्या न्हाणीघरामुळे जगातल्या बाकी सगळ्या वस्तूंना त्यांचा एकच शेरा असे : "कालचं आहे." डाउनटाउनमधलं जुनं दगडी चर्च? कालचं. माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, पणजोबांचं खिशातलं घड्याळ मोठ्या अभिमानानं दाखवलं. कालचं. एकदा मी दिलेल्या अळूवडीलाही हाच शेरा मिळाला. तो मात्र खरा होता.

आमच्या कॉलनीत कुठंही खड्डा पडला, मग तो केबलसाठी असो की झाडासाठी, की काका घडीची खुर्ची घेऊन काठावर हजर. त्यांना इन्स्पेक्टर समजून कामगार घाईघाईनं हेल्मेट चढवायचे.

दोन वर्षांनी आमचं बेसमेंट गळायला लागलं. भिंतीची चीर बुजवायला माईक नावाचा कॉन्ट्रॅक्टर छोटं मशीन घेऊन बाहेरून खणायला लागला. कमरेएवढं खणून झालं असेल, तेवढ्यात काका ओरडले, "स्टॉप! नो मशीन! ब्रश, ब्रश!"

मातीत दगडांची एक सरळ ओळ दिसत होती. माईकनं माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. शेवटी स्वयंपाकघरातून तूप लावायचा ब्रश आणून दिला. सत्तरी ओलांडलेले काका माईकचा हात धरून चरात उतरले आणि माती झाडायला लागले. माझी सात वर्षांची ईशा काठावरून विचारत होती, "काका, इज इट अ डायनोसॉर?"

"नाही गं. कुणाचं तरी घर आहे."

दोन तासांनी पायाचा एक कोपरा मोकळा झाला. आमची कॉलनी व्हायच्या आधी तिथं मक्याची शेतं होती. त्यातल्याच कुणा शेतकऱ्याचं घर असावं. तोवर माईकही टोपी काढून, गुडघ्यावर बसून माती झाडत होता. शेवटी एका बशीचा तुकडा निघाला, निळ्या फुलांचा. आता काका 'कालचं' म्हणणार, याची मला खात्री होती. त्यांनी तो रुमालानं पुसला आणि म्हणाले, "इथं कुणीतरी चहा प्यायलंय."

मग कागद मागवून त्यांनी सगळ्याचं नीट माप घेतलं, नकाशा काढला आणि माईकला सांगितलं, "नाऊ क्लोज इट."

"बुजवायचं? एवढं करून?" मी विचारलं.

"मातीखाली सुखरूप राहतं. आमचं न्हाणीघरही वाळू भरून बुजवलं. दुकानं पलीकडे बांधली. वर आता पार्किंग लॉट आहे."

पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर उपग्रहातून घेतलेले गावोगावचे फोटो दिसायला लागले. एका शनिवारी दुपारी मी काकांना बोलावलं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, मी टाइप केलं. नदी दिसली, चर्चचा मनोरा दिसला. "डावीकडे... अजून... थांब!" पार्किंग लॉट आला. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"मेधा, ही पांढरी गाडी जरा बाजूला करता येते का गं?"

मला हसू आलं. "काका, हा फोटो आहे."

"हो हो. कळतं मला." त्यांनी पडद्यावरच्या त्या गाडीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ते खणकाम चालू होतं ना, तेव्हा आमच्या लग्नाला चारच महिने झाले होते. हिला इंग्रजी यायचं नाही. खोलीत एकटीला करमेना. म्हणून रोज डबा घेऊन चालत यायची आणि माझं काम संपेपर्यंत काठावर बसून राहायची. त्या गाडीच्याच जागी."

काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि काकांच्या तोंडून त्यांच्याबद्दल एक शब्दही ऐकला नव्हता.

मी फोटो आणखी मोठा केला. पांढऱ्या गाडीचे नुसते धूसर चौकोन झाले. काका तरी पुढे वाकून बघत राहिले.