दोन डबे स्मरणशक्ती

पंजाबराव वरूडला एकाच मृत्यूच्या सांत्वनाला दुसऱ्यांदा जाऊन आले, त्या दिवशी पार्वताबाईंनी ठरवलं, आता यांना काहीतरी द्यायलाच हवं. अमरावतीतल्या एका मेडिकलमधून त्यांनी स्मरणशक्तीच्या पावडरचा डबा आणला आणि रोज चमचाभर पावडर नवऱ्याच्या वरणात गुपचूप कालवू लागल्या.

पंजाबरावांना याचा पत्ता नव्हता. ते स्वतःच रोज सकाळी बायकोच्या चहात तीच पावडर घालण्यात गुंतले होते. पार्वताबाईंनी एका आठवड्यात दोनदा एकादशी धरली होती, आणि दुसऱ्या वेळी नवऱ्यालाही उपाशी ठेवलं होतं.

"चहा कडू लागून राहिला."

"आलं जास्त झालं असन. पण वरण काहून मातीसारखं लागते?"

"डाळ नवीन आहे."

अशा प्रेमळ खोटेपणात पंधरा दिवस गेले. डबा संपला म्हणून पंजाबराव मेडिकलात गेले, तर दुकानदार गोपाल म्हणाला, "काका, कालच तं काकू घेऊन गेल्या!"

पंजाबराव मनात हिशेब करू लागले. बाई स्वतःही खाते, वर आपणही चारतो! ते तसेच घरी आले.

"अवं, तू पावडर खाऊन राहिली का?"

"मी कायले खाऊ? तुमाले देऊन राहिली!"

"मले? मी तुले देऊन राहिलो!"

"माह्या डोक्याले काय झालं?"

"आठवड्यात दोन एकादश्या!"

"आन् तुमी? तेरवीचं जेवून आले, आन् महिन्यानं पुन्हा गेले, 'अचानक कसं झालं वो' इचारत!"

निकाल डॉक्टरांवर सोपवायचं ठरलं. साठी ओलांडलेले शांत डॉक्टर. त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?" दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. "वयानं थोडं होतेच. रक्त तपासून घ्या, रोज फिरा, झोप पुरी करा. आन् एकमेकाले चोरून काही चारू नका."

कोणीच हरलं नाही, म्हणून दोघंही खुशीत मोपेडवरून घरी आले. दवाखान्यात जाताना घेतलेली वांगी काढायला पार्वताबाईंनी डिकी उघडली. आत पांढरा कोट आणि डॉक्टरांच्या नावाचं पॅड.

"अवो, ही गाडी आपली नाही!"

"पण किल्ली तं लागली!"

"बसतानी समजलं नाही?"

"तू बी तं मांगं बसली!"

फोन केला, तर दवाखाना बंद झालेला. पोलिसांत तक्रार गेली असेल, या धास्तीनं दोघांनाही जेवण गेलं नाही. सकाळी दवाखाना उघडताच पंजाबराव हात जोडून उभे राहिले.

"साहेब, चुकी झाली. काल तुमची गाडी घेऊन गेलो."

"माही? माही तं हे उभी आहे!" डॉक्टरांनी कडुलिंबाखालच्या पांढऱ्या मोपेडकडे हात केला. मग जवळ जाऊन तिचा नंबर वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"तरीच!" ते म्हणाले. "बायको कालपासून इचारून राहिली, एवढे वांगे कोणं आणले. म्या म्हटलं, म्याच आणले असन."