हक्केसाहेबांची रविवारची तपासणी

टीव्ही बघायला कोट घालणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय, आणि तोही कर्नाटकातल्या आमच्या आळंदच्या उन्हात.

दर रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना हक्केसाहेब कोट, मोजे, बूट चढवून स्वतःच्या घरातून बाहेर पडायचे, अंगणातल्या लिंबाला एक वळसा घालायचे आणि परत स्वतःच्याच दारात येऊन खाकरायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आतून म्हणायच्या, "या साहेब." मग साहेब टीव्हीसमोरच्या खुर्चीत ताठ बसायचे. मांडीवर शेरेबुक, खिशात एक निळं पेन, एक लाल.

मी एकदा विचारलं, "साहेब, हा वळसा कशाला?"

"तपासणीला माणूस बाहेरनं येत असतो," ते म्हणाले. "आतच बसल्याला तो घरचा. त्याला कोण भिणार?"

तपासणी कुणाची? टीव्हीतल्या शाळेची.

बिरप्पा हक्के हे निवृत्त शाळा तपासणी अधिकारी, आणि मी त्यांचा केबलवाला. नोकरीत असताना ठाणाकुशनूरपासून दुबलगुंडीपर्यंतचे मास्तर त्यांच्या मोटारसायकलचा आवाज ओळखायचे. ते कन्नडमध्ये रागवायचे, मराठीत शेरा लिहायचे, आणि प्रकरण फारच हाताबाहेर गेलं तर हैदराबादी उर्दूत उतरायचे. पण तिन्ही भाषांत त्यांची दोनच वाक्यं पक्की होती: "नोंद घेतली" आणि "ह्याचा खुलासा कोण देणार?" निवृत्तीनंतर खुलासा द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा तो घरातल्या वरणाला मागितला जाऊ लागला.

"वरणात मीठ आढळून आले नाही. ह्याचा खुलासा कोण देणार?"

"मी न्हाई देत, जावा," काकू म्हणायच्या, आणि मिठाची बरणी पुढं सरकवायच्या.

माझ्याकडे त्यांची तक्रार लेखी यायची. 'दिनांक अमुक रोजी चित्रात मुंग्या आढळल्या.' मी जाऊन वायर हलवली की म्हणायचे, "नोंद घेतली."

आणि मोजणं! माणूस समोरची कुठलीही गोष्ट मोजायचा. लग्नात पंगत, एसटीत डोकी, तारेवर चिमण्या. त्याचं कारण त्यांनीच सांगितलं होतं. "आमचा बा मेंढरं राखायचा. सांजच्याला मेंढरं मोजून पुरी भरली तरच भाकरीला हात लावायचा. एक कमी असलं तरी ताट तसंच. मी मेंढरं सोडली, पण मोजणं सुटलं न्हाई."

आता तो कार्यक्रम. घरोघरी रंगीत टीव्ही आला, केबलवर चॅनेलं मावेनात, तेव्हाची ही गोष्ट. 'तास चालू आहे' असं त्याचं नाव. सगळी नटमंडळी, सगळं लिहून दिलेलं, पण चित्रण असं की जणू कुणी खऱ्याच हायस्कुलात कॅमेरा घेऊन घुसलंय. कॅमेरा हलायचा, दारामागून डोकवायचा. हेडमास्तर आदर्श शाळेच्या बक्षिसासाठी तडफडतायत, विज्ञानाच्या बाईंचा एकही प्रयोग यशस्वी होत नाही, आणि फजिती झाली की प्रत्येक जण मध्येच कॅमेऱ्याकडे चोरून बघतोय.

अख्ख्या गावात दोन तट पडले. शब्बीरभाईंच्या हॉटेलात सोमवारी चहापेक्षा वाद जास्त उकळायचा. निम्म्यांच्या मते ते सगळं खरं होतं. एकानं तर मला अडवलं, "अण्णा, ही शाळा कुठं हाय? माझ्या पोरीला घालायची हाय. तितले मास्तर निदान हसवायलेत तरी." शहरातल्या पेपरातल्या समीक्षकानं लिहिलं की विनोद फसला असून शिक्षकी पेशाची टिंगल झाली आहे. ते वाचून आमचे खेळाचे मास्तर कलशेट्टी सर भडकले. त्यातला खेळाचा मास्तर शिट्टी फुंकायचा आणि मग स्वतःच दचकायचा. कलशेट्टी म्हणाले, "ही सरळ सरळ माझी नक्कल हाय!" तोवर हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून पोरं त्यांच्या दचकण्याची वाट बघू लागली.

हक्केसाहेबांचा अभिप्राय सगळ्यांहून वेगळा होता. त्यांनी तो लाल पेनानं लिहिला. 'फळ्यावर तारीख नाही. नकाशा उलटा टांगला आहे. विज्ञानाच्या बाई कष्टाळू आहेत. त्यांना परीक्षानळी मिळावी.' समीक्षकालाही त्यांनी पत्र धाडलं: 'आपण शाळेस हसला की नाही हे लिहिले, पण विद्यार्थी किती होते ते लिहिले नाही. ह्याचा खुलासा कोण देणार?'

मला राहवेना. एका रविवारी मी बसलो त्यांच्याशेजारी. "साहेब, राग मानू नका. ती सगळी नटं हैत. शाळा खोटी हाय."

साहेब शांतपणे म्हणाले, "ते बघ, प्रयोग फसला की बाई माझ्याकडं कसं बघायल्यात. मी वर्गात गेलो की मास्तर लोक अस्संच बघायचे. आता गावात कोण बघतंय माझ्याकडं असं?"

"पण साहेब, नट…"

"मास्तर नट असतील की रे. मला म्हाईत हाय. पण बाकावर बसल्याली पोरं? पोरं खरीच हैत न्हवं? मग मोजायला नको?"

शेरेबुकातला पहिला रकाना मी त्या दिवशी नीट पाहिला. पहिल्या रविवारी पोरं बेचाळीस. मग चाळीस. मग छत्तीस. मग एकतीस.

"पट घटायलाय," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ही शाळा टिकत न्हाई बघ."

मी हॉटेलात जाऊन हा किस्सा हातवारे करून सांगितला. लोक पोट धरून हसले. महिन्याभरानं चॅनेलनं पट्टी फिरवली: प्रेक्षकांच्या कमी प्रतिसादामुळे 'तास चालू आहे' लवकरच निरोप घेत आहे. पैसा आटला होता, म्हणून बाकावर बसवायची पोरंही कमी झाली होती. समीक्षकाला जे कळलं नाही, ते हक्केसाहेबांनी पोरं मोजून ओळखलं होतं. हॉटेलात त्या दिवशी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब कोट घालून माझ्या दुकानात हजर. हातात अर्ज. 'पट कमी असला तरी सदर शाळा चालू ठेवण्यात यावी.' खाली सह्यांसाठी जागा.

"चल माझ्यासंगं. तुला गाव वळखतंय."

आम्ही निघालो. शब्बीरभाईंनी उर्दूत सही केली. ज्यांना कार्यक्रम टाकाऊ वाटत होता त्यांनीही केली, कारण साहेब समोर उभे राहून बोटानं जागा दाखवायचे. कलशेट्टी तेवढे अडले. "माझी बदनामी चालू राहावी म्हणून मीच सही करू व्हय?"

"करा," साहेब म्हणाले. "ती बंद पडली तर तुम्हाला वळखणार कोण?"

कलशेट्टींनी अंमळ विचार केला आणि सही केली. इंग्रजीत, खाली दोन टिंबं देऊन.

परत येताना मी चेष्टेनं म्हणालो, "साहेब, त्या शाळेच्या शंभर चुका काढल्याव. आता वाचवायला कामून निघालाव?"

साहेब चालता चालता थांबले. "औरादकडं एका वाडीवर चार पोरांची शाळा हुती. माणसं हैदराबादला, पुण्याला कामाला गेली, पोरं त्यांच्या मागं. मी लिवलं, 'पट अपुरा. बंद करण्यास हरकत नाही.' निघालो तर चौथीतल्या पोरीनं इचारलं, 'साहेब, मग उद्या हजेरी कोण घेणार?'"

"तुम्ही काय म्हणालाव?"

"'नोंद घेतली' म्हणालो," साहेब म्हणाले, आणि परत चालू लागले.

अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला. उत्तर आलं नाही. शेवटच्या भागात हेडमास्तरांनी हजेरी घेतली, हजेरीपट मिटला आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. पोरं नऊ. माझ्या दुकानातही टीव्ही चालू होता आणि मीही नकळत मोजत होतो.

आणखी एक रविवार गेला आणि सोमवारी काकू दुकानात आल्या. यापूर्वी कधी आल्या नव्हत्या.

"काल अकराला परत कोट घातलं रे ह्यांनी. लिंबाला वळसा घातलं. आत येऊन बसले, तर टीव्हीत कुणी तरी वांग्याचं भरीत करायलेलं. तासभर तेच बघत बसले. जेवायला उठले न्हाईत. वरण आळणी झालं तरी खुलासा मागंनात. मी मुद्दाम आळणी केलं हुतं." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "तू गावचा केबलवाला न्हवं? काय तरी कर की."

आता एक गुपित सांगतो. रविवारी लाइट जायची, लोक माझ्या अंगावर यायचे, म्हणून मी दुकानातल्या बॅटरीवर त्या कार्यक्रमाचे सगळे भाग कॅसेटवर उतरवून ठेवायचो आणि संध्याकाळी आमच्या गावच्या केबल चॅनेलवर परत दाखवायचो. कायदेशीर होतं का? ह्याचा खुलासा मी देणार नाही.

पुढच्या रविवारी मी सकाळीच साहेबांच्या टीव्हीवर गावचं चॅनेल लावून दिलं. अकराच्या ठोक्याला दुकानातून पहिला भाग सोडला, दुकान उघडं टाकलं आणि सायकल हाणत त्यांच्या घरी गेलो.

साहेब कोटात, ताठ. पडद्यावर तोच उलटा नकाशा, तीच विज्ञानाच्या बाईंची पहिली फजिती. बाई घाबरून साहेबांकडे बघत होत्या. साहेबांचं निळं पेन बाकांवरून एक एक करत फिरत होतं. ओठ हलत होते. मला वाटलं, आता पकडणार. 'जुना भाग आढळून आला' म्हणणार. ज्या माणसाला तारेवरच्या चिमण्या पाठ, त्याला हे कळणार नाही?

तास संपला. साहेबांनी लिहिलं, टोपण लावलं आणि शेरेबुक माझ्याकडे सरकवलं. नेहमीचं लाल पेन खिशातच होतं. निळ्या शाईत लिहिलं होतं:

'पट बेचाळीस. हजर बेचाळीस. कामकाज जुनेच आहे. ह्याचा खुलासा मागू नये.'

मग कोट काढून त्यांनी खुंटीला अडकवला आणि आत बघून हाक मारली, "वाढ गं. भरली सगळी."