दामूअण्णांचं फडकं

दामूअण्णा समोरून येताना दिसले की किन्हवलीतली चष्मेवाली माणसं आधी चष्मा सांभाळतात. बोलता बोलता अण्णा तुमच्या नाकावरचा चष्मा काढतात, खांद्यावरच्या पिवळ्या फडक्याने पुसतात आणि परत चढवतात. परवानगी वगैरे भानगड नाही. "पुसला की झालं," एवढंच म्हणतात.

बस चालवण्यात त्यांचा जन्म गेला. काच पुसल्याशिवाय कधी गाडी काढली नाही. निवृत्त झाले, गाडी सुटली, फडकं काही सुटलं नाही. आता गॅसची टाकी पुसतात, विजेचा मीटर पुसतात. माझी मोटरसायकल इतकी पुसली की टाकीवरचं नाव गेलं. मी चिडलो तर म्हणाले, "नाव जाऊ दे रे मास्तर, चकाकी बघ!"

गेल्या महिन्यात एका रविवारी ते घाबरेघुबरे होऊन आले. "मास्तर, लॅपटॉपला वायफाय मिळत नाय. संध्याकाळी पोरगी बोलणार हाय." पोरगी म्हणजे सुनंदा, लग्न होऊन नागपूरला असते. मी म्हटलं, "मग मोबाइलवर बोला की."

"नाय, लॅपटॉपच पायजे."

म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय! कुरकुरतच गेलो.

अण्णा दोनदा शहापूरला दुरुस्तीला जाऊन आले होते. "दुकानात झटक्यात चालतो. घरी आणून बसमधली धूळ पुसतो नि बघतो, तर बंद!"

मी माझा मोबाइल जोडून पाहिला, तो चालला. वायफायचा डबा बंद करून चालू केला, लॅपटॉप बंद करून चालू केला. त्याला घरचंच काय, शेजारचंही नेटवर्क दिसेना. अण्णांची बायको, म्हणजे काकू, माझ्या हातांकडे एकटक बघत होत्या. "कधीपासून बंद आहे काकू?" मी विचारलं. उत्तर अण्णांनी दिलं. नेहमी तेच देतात. बायकोला तोंड उघडू देत नाहीत म्हणून सगळी आळी त्यांना नावं ठेवते.

तेवढ्यात अण्णांनी लॅपटॉप पुसायला घेतला. पुढच्या कडेवरून फडकं चांगलं दाबून फिरवलं आणि तिथलं नखाएवढं बटण मला दिसलं. वायफाय चालू-बंद करायचं, सरकवायचं बटण. मी ते उलटं सरकवलं. दिवा लागला, पडद्यावर नेटवर्कं दिसू लागली. "आता पुसा बघू," म्हटलं. अण्णांनी पुसलं. दिवा गेला.

मी पोट धरून हसलो. अण्णा मात्र मटकन खाली बसले.

"म्हंजे मीच बंद करत होतो? एवढे आयतवार तिला लेक दिसली नाय, ती माज्यामुळं?"

"अहो, फोनवर बोलल्या असतीलच ना काकू."

"तिला ऐकू येत नाय रे. बरेच दिस झाले. कुणाला सांगू नको, तिला लाज वाटते. मोठ्या पडद्यावर पोरीचे ओठ दिसतात, त्याच्यावरून समजते ती."

माझं हसू जागीच विरलं. अण्णा काकूंच्या आधी का बोलतात, ते आत्ता कळलं. मी उगाच लॅपटॉपची वायर सरळ करत बसलो.

संध्याकाळी सुनंदा पडद्यावर आली. एकेक शब्द सावकाश, तोंड मोठं करून म्हणाली, "आई, पाय दुखायचा राहिला का?"

"राहिला गो!" काकू केवढ्यांदा ओरडल्या! "तू कदी येशील?"

अण्णा दारात उभे होते, बाहेरून कुणी येत नाही ना ते बघत. "बाबा कुठंयत?" सुनंदाने विचारलं. काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, उठायला लागल्या.

अण्णांनी हातानेच त्यांना बसवलं. तू बोल, अशी खूण केली.