उजव्या हाताची खुर्ची

टिपणीसकाका अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या बैठका टीव्हीचा आवाज बंद करून बघतात. पूर्ण बंद. पडद्यावर जगातली सगळ्यात ताकदवान माणसं तोंडांची उघडमीट करत असतात आणि काका मांडीवर आलेखाची वही घेऊन पेन्सिलीने चौकोन काढत असतात. एक चौकोन म्हणजे एक खुर्ची. आत बसणाऱ्याचं नाव. नाव माहीत नसेल तर 'टकलू', 'लाल टाय', 'नवी बाई'. मी एकदा रिमोट उचलला, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"बोलतात ते सोड गं, वैशाली. बसलेत कुठे ते बघ."

हे त्यांचं पेटंट वाक्य. मी ते किमान दोनशे वेळा ऐकलेलं आहे.

काका ख्राइस्टचर्चमध्ये आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात, मुलाकडे. मी फार्मसिस्ट असल्यामुळे त्यांची ब्लडप्रेशरची औषधं घरपोच करण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं. शनिवारी सकाळी मी जाते तेव्हा काका हीट पंपाखाली पायात लोकरी मोजे आणि वर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवून बसलेले असतात. समोर टीव्ही, टीव्हीशेजारी काकूंचा फोटो. काका इकडे यायच्या आधीच काकू गेल्या, मी त्यांना पाहिलेलं नाही. आमची न्याहारी होते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची दुपार असते, त्यामुळे बैठका काकांना पोह्यांबरोबर ताज्या मिळतात.

एकदा त्यांनी एका चष्मेवाल्या सल्लागाराकडे पेन्सिल रोखली. "हा मागच्या खेपेला चौथ्या खुर्चीवर होता. आज सहाव्या. आणि हसतोय जास्त. महिन्याभरात घरी बसतो की नाही बघ."

तिसऱ्या आठवड्यात तो माणूस घरी बसला. मी कौतुकाने सांगायला गेले, तर काका खूश व्हायच्या ऐवजी भडकले. "मला इथे ख्राइस्टचर्चमध्ये बसून कळलं, मग त्याच्या शेजारच्याला कळलं नसेल? तो काय करत होता? मान डोलवत होता!"

काकांचा मुख्य राग हा असा शेजारच्यावर. खुद्द राष्ट्राध्यक्षांवर ते फारसे चिडत नाहीत. "तो आहे तसा आहे," म्हणतात. पण टेबलाभोवतीची मंडळी पाळीपाळीने साहेबांची स्तुती करू लागली, शाळेत मुलं उभी राहून कविता म्हणतात तशी, की काकांच्या कपाळाची शीर तटतटते. आवाज बंद असूनही त्यांना स्तुती कळते. "हनुवटी बघ. स्तुती करताना माणसाची हनुवटी वर जाते. खरं बोलताना खाली येते." मी फार्मसीत हे ताडून बघितलं. गोळ्या वेळेवर घेतो म्हणणाऱ्यांच्या हनुवट्या बऱ्याच वर असतात.

हे ज्ञान हवेतून आलेलं नाही. काका मंत्रालयात राजशिष्टाचार विभागात होते. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: कोण कुठे बसेल ते ठरवलं. एका शाही भोजनाला कुठल्याशा मंत्र्याचा मेव्हणा थेट सचिवांच्या खुर्चीत जाऊन बसला. उठवायचं कोणी? काका गेले, वाकले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "साहेब, बसा निवांत. फक्त वरचा पंखा जरा ढिला आहे, तेवढा अधूनमधून बघत राहा." मेव्हणा उठून पार शेवटच्या रांगेत गेला. "मी त्याला उठ म्हणालो नाही हां," काका सांगतात. एवढी एकच गोष्ट सांगताना ते हसतात.

आता मंडळाकडे यायला हवं, कारण माझा राग तिथला आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचं दिवाळीचं स्नेहभोजन असतं. सहा वर्षं त्याचा बैठकीचा नकाशा काका काढत आले. मंडळाची सचिव म्हणून मी तो हॉलमध्ये चिकटवायची. आधी मला तो निव्वळ चक्रमपणा वाटायचा. मग हळूहळू कळायला लागलं. ऐकायला कमी येणाऱ्या देशपांडे आजी स्पीकरपासून लांब आणि डाव्या हाताला भिंत येईल अशा, कारण त्यांचा उजवा कान बरा आहे. हॉस्पिटलची ड्युटी संपवून उशिरा येणाऱ्या नर्सेस दाराजवळच्या टेबलाला, म्हणजे सगळ्यांच्या नजरा झेलत आत यावं लागत नाही. नुकतंच आलेलं जोडपं साताऱ्याचं असेल तर सातारकरांच्या मध्ये. एकमेकांशी न बोलणारी दोन घराणी दोन कोपऱ्यांत, पण श्रीखंडाच्या भांड्याशी दोघांची वाट एकच. तिसऱ्या वर्षी ती घराणी बोलायला लागली.

स्वतः काका मात्र कधी बसले नाहीत. ब्लेझर घालून दाराशी उभे. सगळ्यांची जेवणं उरकली की हॉलच्या किचनमध्ये ओट्याला टेकून उभ्यानेच चार घास खायचे. "व्यवस्थेतल्या माणसाने बसायचं नसतं," म्हणायचे.

या वर्षी मंडळाचे अध्यक्ष झाले परागदादा. भूकंपानंतर शहर नव्याने उभं राहिलं त्यात त्यांनी बांधलेली बरीच घरं आहेत. वयाने माझ्याहून लहान, पण सगळे दादा म्हणतात म्हणून मीही म्हणते. कमिटीच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "टिपणीसकाकांसाठी आपल्याला हीप्स ऑफ रिस्पेक्ट आहे. बट या वर्षी जरा प्रोफेशनल होऊ या. सिटी काउन्सिलमधून गेस्ट येतायत. पुढची टेबलं स्पॉन्सर्सना, माझी टीम माझ्या आजूबाजूला, बाकीचे जागा मिळेल तिथे. ऑल गुड?"

आम्ही सातजण होतो. एक म्हणाला, "मस्त आयडिया, दादा." दुसरा म्हणाला, "दादांचं व्हिजनच वेगळं." तिसरीने टाळी वाजवली. पाळी फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मला देशपांडे आजींचा कान आठवला, नर्सेसचं टेबल आठवलं. आणि मी म्हणाले, "छान आहे."

माझी हनुवटी वर गेली होती. मला ती जाताना कळली.

"स्वीट ॲज!" परागदादा म्हणाले, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. "मग वैशाली, काकांना तू सांगशील ना? तुझं ऐकतात ते."

शनिवारी गेले. काका खुशीत होते, कारण या वर्षीचा नकाशा त्याच वहीत पुरा झाला होता, चार रंगांत. टीव्हीवर मुकी बैठक चालू होती. मी औषधं ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकांनी वही मिटली. मग विचारलं, "मीटिंगमध्ये तू कुठे बसली होतीस?"

"परागदादांच्या डावीकडे."

त्यांनी वहीचं नवं पान उघडलं आणि सात चौकोन काढले. "यातलं कोण नको म्हणालं?"

तोंडात मिठाची गुळणी धरण्याचा सराव मीटिंगमध्येच झाला होता.

"म्हणजे तू हीच," पेन्सिल टीव्हीकडे गेली. नवी बाई मान डोलवत होती. "मला वाटायचं ही माणसं कुठून पैदा होतात. आता कळलं, मला गोळ्या आणून देतात!" वही त्यांनी माझ्या अंगावर जवळजवळ फेकलीच. "ने. रद्दीत टाक. आणि त्या म्हातारीला बसवा स्पीकरखाली."

मी तरातरा घरी आले. मला भयंकर राग आला होता. काकांचा आला होता, हे मी कबूल करते. कुठे अमेरिका, कुठे आमचा भाड्याचा हॉल, आणि हे मला त्या बाईच्या पंक्तीला नेऊन बसवतात! मग परागदादांचा आला. मग चहा टाकताना माझाच आला, आणि तो काही केल्या जाईना.

वही रद्दीत टाकायच्या आधी मी चाळली. पानापानावर अमेरिकेची टेबलं. आणि प्रत्येक पानावर एक गोष्ट सारखी. राष्ट्राध्यक्षांच्या उजव्या हाताच्या चौकोनात 'सुमन' लिहिलेलं. तिथे खरोखर जो बसलेला असेल, त्याला बाण काढून एक घर पुढे सरकवलेलं. मला आधी वाटलं, ही कोणी भारतीय वंशाची सल्लागार असेल, हल्ली असतात. पण हाताखालची माणसं पानोपानी बदलत होती, येत होती, हाकलली जात होती, आणि सुमन जिथल्या तिथे. इतकी टिकलेली सल्लागार मला बातम्यांत कधी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन परत गेले.

"काका, सुमन कोण?"

काकांनी टीव्ही बंद केला. नुसता आवाज नव्हे, टीव्ही. मग फोटोकडे बघितलं.

"एकतीस वर्षं मी लोकांना बसवलं," ते म्हणाले. "घरी साहेबलोक जेवायला यायचे, तेव्हाही कोणी कुठे बसायचं ते मीच ठरवायचो. बारा पानं. त्यात तिचं कधी मांडलं नाही. मला सुचलंच नाही गं. ती आतून पुऱ्या पाठवायची. सगळे गेले की ओट्याला टेकून उरलंसुरलं खायची. उभ्याने."

आमच्या हॉलच्या किचनमधला ओटा माझ्या डोळ्यांसमोर होता.

"पण बोलायची हां. एकदा मी फोनवर ऑफिसच्या शिपायाला वाट्टेल ते बोलत होतो. आतून आली, पिठाच्या हाताने फोन काढून घेतला आणि ठेवून दिला. म्हणाली, 'पुरे आता.' एवढंच. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्या शिपायाची माफी मागितली." त्यांनी वहीच्या पानावरून बोट फिरवलं. "याच्याभोवती दोन डझन माणसं बसतात. 'पुरे आता' म्हणणारं एकही नाही. म्हणून हिला बसवतो. त्याचंही भलं होईल. आणि हिलाही बसायला मिळेल, कागदावर का होईना."

त्यांचा आवाज फुटला, आणि तो लपवण्यासाठी ते लगेच माझ्यावर ओरडले, "गोळ्या कोणत्या आणल्यास? या त्या नाहीत!" त्या त्याच होत्या.

पुढच्या मीटिंगमध्ये परागदादा पुढच्या टेबलांची यादी वाचत होते. मी म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"पुरे आता. काकांचा नकाशा राहील. देशपांडे आजी स्पीकरखाली बसणार नाहीत."

टेबलावरचे सगळे एकदम आपापल्या फोनमध्ये शिरले. परागदादा समजुतीने हसले. "वैशाली, तू फारच पर्सनली घेतेयस."

"पर्सनलीच घेतेय. हॉल माझ्या नावावर बुक आहे आणि चावी माझ्या पर्समध्ये आहे. तुमच्या टीमला कारपार्कात बसायचं असेल तर खुशाल बसा."

माझी हनुवटी खाली होती. कोणी माझी बाजू घेतली नाही. मीटिंग संपल्यावर टाळीवाली मात्र गाडीपाशी येऊन कुजबुजली, "बरं झालं बोललीस." मला तिचा सगळ्यात जास्त राग आला.

स्नेहभोजन काकांच्या नकाशाप्रमाणे झालं. काउन्सिलचे पाहुणे सातारकरांमध्ये बसले आणि तीनदा मसालेभात घेऊन गेले. मला सचिवपदावरून काढायचं ठरल्याचं मला त्याच दुपारी कळलं, व्हॉट्सॲपवर, हात जोडलेल्या इमोजीसकट.

काका ब्लेझर घालून दाराशी उभे होते. मी नकाशात एकच फेरफार केला होता. नर्सेसच्या टेबलाला दोन खुर्च्या जास्त लावल्या होत्या. काकांना हाताला धरून नेलं आणि म्हटलं, "ही तुमची. उजवीकडची सुमनकाकूंची."

व्यवस्थेतला माणूस वगैरे ते पुटपुटले. मग रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. ती बोटभर वाकडी होती, ती त्यांनी सरळ केली आणि बसले.

मी जायला वळले तर त्यांनी मनगट धरलं.

"कुठे निघालीस? खुर्ची बसायला असते. रिकामी ठेवायला नसते." त्यांनी उजवीकडची खुर्ची मागे ओढली. "बोललीस म्हणे परवा. आता बस इथे."

"काका, आत पुऱ्या..."

"दुसरं कोणीतरी तळेल."

मी बसले. पुढच्या टेबलावरून परागदादा माझ्याकडे अजिबात बघत नव्हते. काकांनी स्वतःच्या हाताने माझ्या पानात पुरी वाढली, टम्म फुगलेली.

"गरम आहे तोवर खा," ते म्हणाले. "तिला कधी गरम मिळाली नाही."