विमानाचा त्रास आणि भिंतीपलीकडची जागा

माणसाची पत त्याच्या तक्रारीवरून ठरते. खेड्यातला माणूस लाइट गेली म्हणून ओरडतो, तालुक्याचा माणूस खड्ड्यांवर बोलतो, आणि जो खऱ्या अर्थानं शहरी झाला त्याला विमानांचा त्रास होतो. शिक्रापूरच्या 'गगनस्पर्शी हाइट्स' (पार्किंग धरून चार मजले) या सोसायटीला यापुढे असा त्रास होईल, हा ठराव सर्वसाधारण सभेत एकमतानं मंजूर झाला, तेव्हा सेक्रेटरी हनुमंत टकले याचा ऊर भरून आला.

हनुमंताचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले. बापानं शिक्रापुरात वीस गुंठे घेतले आणि तिथंच पत्र्याची खोली टाकली. हनुमंत कंपनीत सुपरवायझर झाला. शेजारच्या रानात सोसायटी उभी राहिली तेव्हा त्यानं हौसेनं दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला, कारण मागच्या खिडकीतून आईची खोली दिसायची. पुढं सोसायटीत वट वाढला, तसा त्यानं त्या खिडकीला जाड पडदा लावला. आई अनसाबाई काही फ्लॅटमध्ये येईना. "मेंढरं कुठं बांधू, तुझ्या गॅलरीत?" असं तिचं रास्त म्हणणं होतं. दर रविवारी हनुमंत मोठा वळसा घालून तिच्याकडं बाजरीची भाकरी खायला जायचा. सोसायटीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं लपवलं असं मुळीच नाही. कुणी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही, एवढंच.

सोसायटीच्या प्रगतीची सुरुवात वाहतुकीपासून झाली. चाकणच्या ट्रकांनी चौकात उच्छाद मांडला होता. चौक पडला सरकारचा, त्याला हात लावता येत नाही; म्हणून चेअरमन इंद्रजीतराव फराटे यांनी सोसायटीच्या गल्लीत चार गतिरोधक घातले. गल्लीत ट्रक कधीच येत नव्हते. गतिरोधक झाल्यापासूनही एक आला नाही, यावरून उपाय किती रामबाण होता हे लक्षात यावं. किरकोळ अडचणी आल्या, नाही असं नाही. (दूधवाला अलीकडं ताक घेऊनच पोचतो.) पण मोठ्या कामात असं चालायचंच.

मात्र ग्रामपंचायतीच्या घंटागाडीचं पोट पहिल्याच गतिरोधकावर टेकलं. दोन दिवस तिनं तिथूनच गाणं वाजवलं, तिसऱ्या दिवशी गल्लीत शिरायचा नाद सोडून ती बाहेरच थांबू लागली. आता कचरा गल्लीच्या तोंडापर्यंत हातानं न्यायचा की काय? सुशिक्षित माणसानं हातात पिशवी धरून पायी चालायचं? सभा बसली. गतिरोधक काढावा, अशी सूचना एका भाडेकरूनं केली, पण भाडेकरूंना मत नसतं आणि तसं पाहता अक्कलही नसते, असं ठरलं. अखेरीस कचरा "तात्पुरत्या स्वरूपात" मागच्या भिंतीपलीकडं ठेवावा, असा ठराव झाला. ठेवावा हा शब्द हनुमंताचा. टाकावा लिहिताना त्याचा हात अडखळला होता. पण ठराव लिहिला त्यानंच, सहीही त्यानंच केली.

त्या रविवारी तो भाकरी खायला गेला नाही. पुढच्याही नाही. पडद्याआडून त्याला दिसायचं: आई उकिरडा उपसतीय, पिशव्या गोळा करतीय, मेंढरांच्या तोंडातलं प्लॅस्टिक ओढून काढतीय. एक मेंढी पोट फुगून मेली. हनुमंताला दोन घास गेले नाहीत, हे त्याच्या बाजूनं नमूद केलंच पाहिजे.

इकडं विमान समितीचं काम जोरात चाललं होतं. इंद्रजीतरावांच्या पुण्यातल्या व्याह्यांना विमानांमुळं झोप लागत नाही आणि ते हे चारचौघांत सांगतात. ही गोष्ट इंद्रजीतरावांच्या फार दिवस जिव्हारी लागली होती. समितीनं सर्वेक्षण केलं. ऐंशी टक्के रहिवाशांना विमानाचा तीव्र त्रास असल्याचं आढळलं. (उरलेले वीस टक्के कामावर गेले होते.) आठवड्यातून एखादं विमान लांबून जायचं. तेवढ्यासाठी लोक गच्चीवर जाऊन त्रास करून घेऊ लागले.

अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, आणि अहो आश्चर्य, आवाज मोजायला खरोखरच एक साहेब यंत्र घेऊन आले! स्वागताला डीजे होता, हलगी होती, फटाक्यांची माळ होती. यंत्राचा काटा शेवटाला जाऊन चिकटला.

"बघा साहेब, किती त्रास हाय आम्हाला!" इंद्रजीतराव ओरडून म्हणाले. ओरडल्याशिवाय ऐकूच जात नव्हतं.

"हा तुमचाच आवाज आहे," साहेब म्हणाले. "विमान कुठंय?"

विमान त्या दिवशी आलं नाही. विमानांना पाहुण्यांची कदर नसते.

साहेबांनी आभाळाकडं मान वर केली ती केलीच. भिंतीच्या मागं घारींचा थवा घिरट्या घालत होता. "अहो, या घारी विमानाला धडकल्या तर अख्खं विमान खाली येईल. एवढ्या आल्या कशानं?" म्हणत ते तडक मागं गेले, आणि त्यांच्यामागं सगळी समिती. भिंतीला जागोजाग भगदाडं पडली होती. पलीकडं कचऱ्याचा डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी अनसाबाई, हातात कचऱ्यानं भरलेली पाटी.

"कुणाची जागा ही?" साहेबांनी विचारलं. "नोटीस जागेच्या मालकाला निघते."

ही माहिती ऐकून समितीला केवढा दिलासा मिळाला! कायदा किती विचारपूर्वक केलेला असतो, याचा प्रत्यय अशा वेळी येतो. इंद्रजीतरावांनी सेक्रेटरीकडं पाहिलं.

"सातबारा... अनसाबाई टकले यांच्या नावावर आहे," हनुमंत म्हणाला.

"टकले? तुमच्या कोण?"

हनुमंतानं आईकडं पाहिलं. मग समितीकडं पाहिलं.

"कुणी न्हाई. टकले लई हाईत हिकडं."

एवढी वर्षं घासूनपुसून शुद्ध केलेली त्याची भाषा नेमकी तेव्हाच घसरली. अनसाबाईनं पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "ह्ये म्हणत्यात त्ये खरं हाय. टकले लई हाईत. ह्या साहेबांचा आन् माझा काय संबंध न्हाई."

पोटच्या पोराला ती आयुष्यात पहिल्यांदाच साहेब म्हणाली. हनुमंताला वाटलं, धरणी दुभंगावी. ती दुभंगली नाही. वर कचऱ्याचा थर फार जाड होता.

नोटीस रीतसर निघाली. अनसाबाईनं एकटीनं सगळा कचरा पाटीपाटीनं गल्लीच्या तोंडाशी नेला, घंटागाडी उभी राहते तिथवर. घारी गेल्या. सोसायटीला 'स्वच्छ परिसर' पुरस्कार मिळाला, आणि सत्काराची शाल सेक्रेटरीच्या खांद्यावर पडली. रविवारी तो ती शाल घेऊन मोठा वळसा घालून गेला. खोलीला कुलूप होतं. शेजारच्यानं सांगितलं, म्हातारी मेंढरं घेऊन भावाकडं वडगाव रासाईला गेली. "पोरगं कुठंय विचारलं, तर म्हणाली, मला न्हाई."

रिकाम्या जागेत आता कचरा बिनदिक्कत ठेवता येतो. समिती पुढच्या विमानाची वाट बघतीय.

वाचकहो, तुम्ही हनुमंताला मनातून चार शिव्या घातल्या असतील. घाला, त्याला त्या शोभतातच. फक्त सकाळी तुम्ही दाराबाहेर ठेवलेली पिशवी कुठं गेली, तेवढं एकदा विचारून बघा. घंटागाडीत, म्हणाल. आणि घंटागाडी? ती कुठल्यातरी गावाबाहेर, कुणाच्यातरी आईच्या दारात रिकामी होते. ती बाई तुमची कोण, असं अजून तुम्हाला कुणी विचारलेलं नाही, एवढंच.